व्हॉल्वसाठी धरण रिकामं करायचं ठरलं तेव्हा

डिचोली आणि सत्तरीच्या मधल्या पट्ट्यात सरकारी मालकीचं एक लहान मातीचं धरण आहे, त्याचं हे प्रकरण. धरणाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तिथे मगर अंडी घालते ती जागा आहे, पाणमांजरं आहेत, आणि गोव्यात एकदा लोकेशन व्हॉट्सअॅपवर फिरलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्या आणि स्पीकर पोचतात हे आपण सगळ्यांनी बघितलंय. बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहितेय, आमचं चुकलं तेही, कारण अशी जुनी छोटी धरणं आपल्याकडे बरीच आहेत आणि उद्या दुसऱ्या गावात हाच प्रश्न आला तर तिथल्या लोकांनी आमच्यासारखं चाचपडत बसू नये.

आधी आकार डोळ्यासमोर आणा. साळावली धरणात २३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, अंजुणेत ४४ च्या वर. आमचं धरण काठोकाठ भरलं तरी एक दशलक्षाच्या आतच. बांध बारा मीटरच्या आसपास उंच, लांबी दोनेकशे मीटर, आतल्या उतारावर रचलेल्या दगडांचा थर, म्हणजे पिचिंग, एका टोकाला कातळात खोदलेला सांडवा आणि बांधाच्या पोटातून आरपार जाणारा एक पाईप. पाईपच्या आतल्या तोंडाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, लोखंडी गेट, आणि बाहेरच्या तोंडाला व्हॉल्व. व्हॉल्वातून पाट निघतो तो खालच्या वायंगण शेतीला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, आणि मग कुळागरांना, म्हणजे माड-पोफळींच्या बागांना. बस्स. बांधलं तेव्हा एवढाच हिशेब होता, वायंगणाला पाणी आणि उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडू नयेत.

पण पाणी वर्षानुवर्षं एका जागी थांबलं की ते फक्त शेताचं राहत नाही. वरच्या अंगाला, जिथे नाला धरणात येऊन मिळतो, तिथे गाळ साचून लव्हाळं आणि कमळं वाढलीयत, त्यात कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या घरटी करतात, थंडीत अडईंचे थवे उतरतात, बुडालेल्या झाडांच्या वाळक्या बुंध्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी जाऊन पक्षी मोजते, शाळेतली चार-पाच मुलं सोबत असतात. सांडव्याच्या कातळावर पाणमांजरांची विष्ठा हमखास सापडते, नुसते माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे, जवळ जायच्या आधीच वास येतो. एप्रिल-मेत डोंगरातले झरे आटले की संध्याकाळी गवे पाण्यावर येतात. आणि मगर. आमच्या आठवणीत ती कायम आहेच, एक मोठी मादी आणि दोन-तीन मध्यम. गावातली माणसं तिला घाबरून असतात पण तिचा राग राग कधी कोणी करत नाही. फोंडा तालुक्यात काही गावांत पौष अमावस्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगे थापणी, त्याच मातीतली आपण माणसं, मगरीला शत्रू मानायची सवय आपल्याकडे नाहीच मुळी.

माशांचं जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मरळ, वांब, शिंगटी आणि ते बोटभर लांबीचे चांदीसारखे छोटे मासे ज्यांना प्रत्येक वाड्यावर वेगळं नाव आहे, हे इथले. कटला-रोहू बीज सोडून आणलेले. टिलापिया कोणी सोडला कोणालाच माहीत नाही, हा मासा भारतात १९५२ साली आणला आणि आता जिथे थांबलेलं गोडं पाणी आहे तिथे तो आहेच. बांधामुळे एक मोठं नुकसान झालंय हे पण कबूल करायला हवं, पहिल्या पावसात चढणीचे मासे नाल्यातून वर चढून शेताच्या पाण्यात अंडी घालायचे ते आता बांधापाशी येऊन अडतात. म्हणजे धरणाने एक घर मोडलं आणि दुसरं उभं केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात.

आता या सगळ्याची कागदावर नोंद काय? शून्य. २०१७ चे पाणथळ जागांचे जे नियम आहेत त्यात पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलसाठे सरळ वगळलेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत आमचं धरण पाणथळ जागाच नाही. दुसऱ्या बाजूला २०२१ चा धरण सुरक्षा कायदा, तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू, किंवा दहा ते पंधरा मीटरच्या मधल्यांना, जर त्यात एक दशलक्ष घनमीटर पाणी मावत असेल किंवा बांध ५०० मीटर लांब असेल किंवा अशाच आणखी काही अटी असतील तर. आमचं त्यातही बसत नाही. बांध मोठ्यांच्या कायद्याला छोटा आणि पाणी पाणथळीच्या नियमाला परकं. आणि हे काही जगाची रीत म्हणून नाही हां, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात माणसाने बनवलेल्या पाणथळ जागाही धरतात. कुडचड्याचं नंदा तळं, गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, २०२२ मध्ये जाहीर झालं, अवघं ४२ हेक्टर, तिथेसुद्धा पाणी अडवून ठेवतात, खाली भात पिकवतात आणि त्याच पाण्यावर पक्षी येतात.

तर झालं असं की पावसाळा संपल्यावर धरण सांभाळणाऱ्या खात्याची नेहमीची पाहणी झाली. आतलं गेट अर्धवट उघडं अडकलेलं, स्पिंडल वाकलेला, वर-खाली काहीच होईना. पाणी अडतंय ते फक्त बाहेरच्या व्हॉल्वावर. जानेवारीत बोर्डावर नोटीस लागली की दुरुस्तीसाठी धरण पूर्ण रिकामं करणार, शेतकऱ्यांनी वायंगणाचं आपलं बघावं. एवढंच. पाण्यात काय जगतं त्याचा एक शब्द नाही.

मी त्या दिवशी रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं, सरपंचबाईंना, खात्याला, वनखात्याला, धरण रिकामं करू नका म्हणून, पाणबुडे लावून खालीच दुरुस्ती करा म्हणून. सह्या गोळा केल्या. आणि खरं सांगते, तेव्हा माझं म्हणणं अर्धवट माहितीवर होतं. खात्याच्या जेई साहेबांनी, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांनी, मला रागावून काही म्हटलं नाही, बांधावर नेलं, खालच्या पायथ्याशी वाकायला लावलं. पाईपच्या बाजूने पाणी झिरपत होतं. ते म्हणाले, "टीचर, मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, स्वच्छ असेल तर मी घाबरत नाही. हे बघा, हातात घ्या." हातात घेतलं तर गढूळ. गढूळ म्हणजे पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येतंय, कण कण करत आत पोकळी होतेय. आतलं गेट बंद होत नाही म्हणून बांधातला पूर्ण पाईप चोवीस तास दाबाखाली, आणि कुठल्यातरी जोडातून पाणी मातीत शिरतंय. असं पावसाळ्यापर्यंत ठेवलं आणि जुलैत धरण भरलं तर खालचा वाडा धोक्यात. पाणबुड्यांचंही त्यांनी विचारून झालं होतं, पाणी गढूळ, आत मगरी, कोण उतरणार.

मी घरी येऊन पत्र फाडलं नाही पण त्यातली पहिली मागणी खोडली. दुरुस्ती हवीच. मग प्रश्न उरला तो हा की पाणी किती काढायचं, किती दिवसांत काढायचं आणि उरलेलं कुठे ठेवायचं. पुढचे काही आठवडे आम्ही या तीन गोष्टींवरच भांडलो, बसलो, चहा प्यायलो, परत भांडलो.

बैठक देवळाच्या मंडपात झाली. कुळागरवाले, वायंगणवाले, पंच, खात्याचे दोघे, वनखात्याचे एक फॉरेस्टर, मासे पकडणारी पोरं, आणि गेट सांभाळणारे काका. काका आता निवृत्त झालेत पण तेव्हा शेवटचं वर्ष होतं त्यांचं. सगळे आपापलं ओरडून झाल्यावर ते उठले आणि मला म्हणाले, "बाये, खणीचं कोणी बोलतच नाही गो." कुठली खण? तर धरण बांधताना बांधाला लागणारी माती धरणाच्या पोटातूनच काढली होती, डाव्या काठाला, काका तेव्हा विशीतले, पाटीवर माती वाहायला होते. तो खड्डा नाल्याच्या तळापेक्षा खोल गेला होता. पाणी भरल्यावर तो बुडाला आणि सगळे विसरले. नकाशावर नाही, फाईलमध्ये नाही, काकांच्या डोक्यात तेवढा शिल्लक. म्हणजे गेटच्या पातळीपर्यंत सगळं पाणी निघून गेलं तरी खणीत पाणी राहणार, कारण ती गेटच्या खाली आहे!

दुसऱ्या दिवशी पोरांनी होडी काढली, दोरीला दगड बांधून खोली मोजली. काकांचं बरोबर निघालं, आजूबाजूच्या तळापेक्षा तिथे दोन पुरुषांहून जास्त खोल होतं. जेई साहेबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता, ते स्वतःच म्हणाले की मग मी अंदाजपत्रकात पूर्ण उपसा कशाला लिहू, गेटभोवती मातीच्या गोण्यांचा आडबांध घालतो, तेवढीच जागा कोरडी केली की माझं काम होतं. एका म्हाताऱ्या माणसाने तोंड उघडलं म्हणून हे झालं, आणि त्याला बोलायला मंडपातली बैठक मिळाली म्हणून त्याने उघडलं. खात्याच्या ऑफिसात तो कधी बोलला नसता.

आता वेगाचं. मला वाटत होतं पाणी हळूहळू सोडा ही माझी, म्हणजे प्राण्यांच्या बाजूची मागणी. पण बांधालाही तेच हवं असतं हे तेव्हा समजलं. मातीचा बांध वर्षभर पाणी पिऊन बसलेला असतो. समोरचं पाणी झपाट्याने खाली गेलं तर मातीच्या आतलं पाणी तेवढ्या लवकर बाहेर येऊ शकत नाही, आत दाब राहतो, बाहेरून आधार देणारं पाणी गेलेलं असतं, आणि आतला उतार घसरतो. म्हणून साहेबांनी आकडा ठरवला, दिवसाला फूटभराच्या आत. माशांनाही तेच बरं, पाणी हळू उतरलं की ते उथळ काठ सोडून खोल पाण्याकडे सरकतात, कमळांच्या मुळांत अडकून राहत नाहीत. फूटभराचा नियम दोघांचा निघाला. मी काकांच्या मदतीने एका खांबावर लाल रंगाने फुटाफुटावर रेघा मारल्या आणि शाळेतली मुलं रोज सकाळी वहीत आकडा लिहायला लागली.

फेब्रुवारीच्या मध्यावर व्हॉल्व उघडला. पहिल्या दिवसांत पाटाला कुजक्या अंड्यांचा वास सुटला आणि खाली एक-दोन ठिकाणी मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले. त्याचं कारण सोपं आहे, पाईप तळातून पाणी घेतो, आणि तळाच्या पाण्यात पालापाचोळा कुजून ऑक्सिजन संपलेला असतो. त्यावर उपायही सोपाच केला, पाईपच्या तोंडाशी मोठे दगड रचून पाणी त्यावर आपटत जाईल असं केलं, आपटलं की हवा मिसळते. दोन दिवसांत फरक दिसला, वास पूर्ण नाही गेला, पण मासे वर येऊन तोंड उघडायचे थांबले.

साधारण दोन आठवडे सगळं वहीप्रमाणे चाललं. पाणी जसं उतरलं तसा काठाचा चिखल उघडा पडला आणि त्यावर जे पक्षी मी या धरणावर आधी कधीच बघितले नव्हते ते आले, शेकाट्या, तुतवार, चिखल्या, पाणबगळ्यांची तर रांग. एरवी इथे खोल पाणी, लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायला जागाच नसते. मुलं आनंदाने वेडी झाली होती. मी पण.

मग ती रात्र. कोणीतरी रात्री व्हॉल्व पूर्ण फिरवून उघडा ठेवला. कोणी ते मी लिहिणार नाही, काम लवकर उरकायची घाई कोणाला होती आणि एका झटक्यात मासे उचलायची इच्छा कोणाला होती हे गावाला माहीत आहे. सकाळी मुलं वही घेऊन गेली तर पाणी खांबावर तीन रेघांहून जास्त खाली गेलेलं. एका रात्रीत तीन फुटांहून जास्त. वरच्या अंगाला उथळ डबकी तुटून वेगळी पडली होती, त्यात शेकडो छोटे मासे, ऊन चढेपर्यंत निम्मे मेलेले. मरळ चिखलात सुद्धा तग धरते, ती हवेतून श्वास घेऊ शकते, पण चांदीसारखे छोटे मासे आणि कटला पटापट गेले. पहाटेची वेळ तशीही वाईट, रात्रभर वनस्पती ऑक्सिजन बनवत नाहीत त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. आणि बांधाचं काय झालं? आतल्या बाजूला पिचिंगचे दगड एका पट्ट्यात खाली सरकले, वरच्या रस्त्यापर्यंत नाही, पण मातीला अर्ध्या चंद्रासारखी भेग पडलेली सगळ्यांनी बघितली. साहेब भेगेकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर व्हॉल्वाला साखळी आणि कुलूप आलं, किल्ली सरपंचबाईंकडे एक आणि काकांकडे एक. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वेळापत्रक आम्ही कागदावर ठरवलं आणि किल्ली कोणाच्या हातात याचा विचार केला नाही, ही आमची सगळ्यात मोठी चूक, आणि तिची किंमत आम्ही नाही भरली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्खा वाडा चिखलात होता. बायका बादल्या घेऊन, पोरं जाळी घेऊन, दोन टेम्पोत पाण्याचे ड्रम, ड्रमात दुचाकीची टायर भरायचा पंप लावून हवा सोडायची. ठराव असा झाला की टिलापिया आणि मोठे कटले गावाने खायला न्यावेत, इथला मासा मात्र खणीत सोडायचा. हे मी सुचवलं नव्हतं, मासे पकडणाऱ्या पोरांपैकी एकाने सुचवलं. म्हणाला, "टिलापिया परत येतलोच, मरळ गेली तर खंयची हाडटलो?" म्हणजे टिलापिया परत येणारच, मरळ गेली तर कुठून आणणार? त्या दिवसानंतर माझं आणि त्या पोरांचं कधी वाजलं नाही.

मगरीच्या बाबतीत मात्र मला अजून रुखरुख आहे. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठावर खड्डा खणून अंडी घालते, पंचवीस-तीस, आणि पिल्लं साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. आमची मादी दरवर्षी पूर्वेच्या काठावर एकाच उंचवट्यावर येते. मार्चमध्ये ती तिथेच आली, पाणी लांब गेलेलं असूनही. फॉरेस्टरने अंडी हलवू नयेत असं सांगितलं, मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आपल्या मनाने हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी काठाला दोरी आणि बोर्ड लावले, कपडे धुवायच्या घाटावर उतरायला बंदी केली आणि रात्री गस्त ठेवली, कारण पाणी आटलं की मगरी जमिनीवरून चालत दुसरं पाणी शोधतात, आणि आमच्याकडे दुसरं पाणी म्हणजे कुळागरातली तळी आणि विहिरी. खणीत पाणी असल्यामुळे एकही मगर वाड्यात आली नाही. एवढं जमलं. पण खणीपासून घरट्यापर्यंत उघड्या चिखलाचं मोठं अंतर, एरवी ती मादी पाण्यात चार हातांवर बसून राखण करायची, ते या वर्षी होईना. एप्रिलच्या शेवटी घोरपडीने घरटं उकरलं. आम्ही गेलो तेव्हा कवचं पसरलेली होती. घरट्याजवळ एखादा छोटा खड्डा खणून त्यात पाणी सोडत राहिलो असतो तर ती जवळ राहिली असती का, हा विचार मी अनेक रात्री केला. पुढच्या कोणी करून बघावा.

गाळाचं थोडक्यात. शेवटच्या चार दिवसांत पाण्याबरोबर काळा गाळ निघाला आणि पाटातून थेट एका वैनींच्या कुळागरात शिरला, माडांच्या आणि पोफळींच्या आळ्यांवर थर बसला. त्या रडकुंडीला आल्या होत्या. मग नाल्यावरच्या जुन्या बंधाऱ्याला फळ्या लावून पाणी आधी तिथे थांबवलं, गवताच्या पेंढ्या आडव्या टाकल्या, गाळ खाली बसला की वरचं पाणी पुढे. हे व्हॉल्व उघडायच्या आधी करायचं काम होतं. वायंगण त्या वर्षी बऱ्याच जणांनी केलंच नाही, आणि ते नुकसान मासे-पक्ष्यांच्या गोष्टीत हरवू नये म्हणून इथे लिहितेय. ज्यांनी शेत पडीक ठेवलं त्यांनीच चिखलात उतरून मासे वाचवले.

काम एप्रिल-मेत झालं. आडबांधाच्या आत पंप लावून गेटची जागा कोरडी केली, नवीन गेट आणि स्पिंडल बसवला, पाईपला आतून अस्तर केलं, बाजूची पोकळी सिमेंट-मातीचं मिश्रण दाबाने भरून बुजवली, सरकलेलं पिचिंग परत रचलं. बांधावर उगवलेली झाडं काढली कारण त्यांची मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते, खेकड्यांची आणि सायाळीची बिळं भरली, वारुळं उकरली. मला झाडं काढताना वाईट वाटलं, पण पायथ्याचं ते गढूळ पाणी हातात घेतलेलं असल्यामुळे मी काही बोलले नाही. खणीत नाल्याची बारीक धार येत राहिली, मेच्या अखेरीस पाणी निम्म्यावर आलं, आणि त्या उरलेल्या पाण्याभोवती संध्याकाळी गवे, पाणमांजरांची जोडी, बगळे आणि मगरी, एवढ्याशा जागेत सगळे. दोरीच्या बाहेरून मुलांनी बघितलं ते दृश्य ती जन्मभर विसरणार नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. आपल्याकडे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत, त्यामुळे धरण भरायला वेळ लागला नाही, जुलै संपायच्या आत सांडवा वाहायला लागला. पायथ्याचं झिरपणं कमी झालं आणि जे येतंय ते स्वच्छ. त्या थंडीत अडई नेहमीपेक्षा कमी आल्या, टिबुकल्या होत्या तेवढ्याच, कमळं अर्धीच परत उगवली. मासे किती उरले ते मला आकड्यात सांगता येणार नाही पण पाणकावळे बुंध्यांवर परत बसले आणि ते उपाशी बसत नाहीत.

कागदाचं काम यानंतर सुरू झालं. पंचायतीची जैवविविधता समिती होती पण तिच्या नोंदवहीत आमच्या धरणाचं पान कोरं होतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची ती नोंदवही, गावाने स्वतः लिहायची, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. काकांनी सांगितलं, मुलांनी लिहिलं, खणीची जागा आणि खोली, मगरीचा उंचवटा, पाणमांजरांचा कातळ, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात, चढणीचे मासे कुठे येऊन अडतात. त्याची प्रत आणि एका पानाचं पत्र खात्याला दिलं. मागण्या तीन, पाणी उतरवायचा वेग दिवसाला फूटभराच्या आत, खणीतलं पाणी कधीही उपसायचं नाही, आणि धरण रिकामं करायचं तर अंडी-पिल्लांचे महिने सोडून किंवा घरट्याजवळ पाण्याची सोय करून. पहिल्या दोन त्यांनी धरणाच्या फाईलला लावल्या. तिसरीवर अजून पत्रव्यवहार चालू आहे, मी सोडणार नाहीये.

गेल्या ऑक्टोबरच्या पाहणीला जेई साहेबांनी काकांना आणि मला बोलावलं होतं. काका निवृत्त, तरी गुडघ्यापर्यंत पँट दुमडून पुढे चालत होते. साहेबांच्या फॉर्मवर बांधावरची वारुळं, बिळं, झिरपा यांचे रकाने आधीपासून छापलेले असतात, त्यांनी ते भरले, मग सांडव्याच्या कातळावर आले, वास आला तसे थांबले, काकांकडे बघितलं आणि फॉर्मच्या खाली कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं, सांडव्यावर पाणमांजराची ताजी विष्ठा, खणीची पातळी पूर्ण.